डॉक्टर, चालणंही चिठ्ठीवर लिहा

प्रति,
सातारा शहर आणि जिल्ह्यातील सर्व फॅमिली डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात औषधाचं दुकान चालवतो. तुमच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी हयात गेली. अँटिबायोटिक लिहिताना कोणाचा हात आखडतो, जिथे एका गोळीत भागेल तिथे कोण तीन लिहितं, कोणाची चिठ्ठी शाळकरी पोरगाही वाचेल आणि कोणाच्या चिठ्ठीसाठी मला दवाखान्यात फोन लावावा लागतो, हे सगळं मला ठाऊक आहे. यातलं काही मी कधी कोणाला बोललो नाही, आताही बोलणार नाही. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे.

शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांच्या पेशंटची चिठ्ठी घ्या. प्रत्येक गोळीपुढे सकाळ-दुपार-रात्रीचं १-०-१ किंवा ०-०-१ असतं. जेवणाआधी की नंतर, किती मिलिग्रॅम, किती दिवस, सगळं नीट लिहिलेलं असतं. चालायचं तेवढं कुठे नसतं. पेशंट उठून दाराशी पोचला की तुम्ही मागून सांगता, "आणि हो, रोज चालत जा."

मग तो माझ्याकडे येतो. गोळ्या काढता काढता मी विचारतो, "आणखी काय म्हणाले डॉक्टर?"

"चालायला सांगितलंय."

"किती?"

"ते काय बोलले न्हाईत. जमंल तेवढं म्हणाले."

जमेल तेवढं म्हणजे काय होतं ते मी पाहत आलोय. पहिल्या आठवड्यात नवे बूट घालून थेट अजिंक्यतारा, दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याला पट्टा, तिसऱ्या आठवड्यात काही नाही. पट्टा आणि वेदनाशामक मलम दोन्ही माझ्याच दुकानातून जातात, म्हणून हिशेब पक्का लागतो.

माझी विनंती एका ओळीची आहे. चालणं चिठ्ठीवर लिहा. किती मिनिटं, कोणत्या वेगानं, केव्हा आणि आठवड्यातून किती वेळा. आणि पुढच्या वेळी पेशंट आला की गोळ्या संपल्या का हे विचारता, तसंच हेही विचारा.

लिहिल्यानं काय फरक पडतो, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी हेच करून पाहिलं. ज्यांची हालचाल कमी आहे अशा पेशंटपैकी काहींना नुसतं तोंडी सांगितलं आणि काहींना तोच सल्ला कागदावर लिहून दिला. याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कागद मिळालेल्यांमध्ये हालचाल वाढवणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. फरक प्रचंड नव्हता, पण होता, आणि तो एका कागदाचा होता. तिकडे त्याला हिरवी चिठ्ठी म्हणतात. पुढे २००३ मध्ये तिथल्याच एका मोठ्या चाचणीत असं दिसलं, की या पद्धतीनं वाढलेली हालचाल वर्षभरानंतरही टिकून होती. आपल्याकडे तर डॉक्टरांच्या कागदाला भलता मान. लोक जुन्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवतात. तोंडी सल्ला दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकत नाही.

आता गोळीशी तुलना करतो, कारण तो माझा प्रांत आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठी चाचणी झाली, २००२ मध्ये तिचा निकाल आला. एका गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी दिली. दुसऱ्या गटाला आहार सांभाळून वजन सात टक्क्यांनी उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायला लावलं. मेटफॉर्मिननं मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आहार-व्यायामानं ५८ टक्क्यांनी. "ते अमेरिकेचं हो, आपल्याकडे कुठलं" असं म्हणायची सोय नाही, कारण चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला. तिथे आहार आणि रोजच्या चालण्यानं धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिननं २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र देऊनही वेगळा जास्तीचा फायदा दिसला नाही. हे आकडे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत असणार. मला एवढंच दिसतं, की दोन उपाय तोलामोलाचे निघाले, त्यातला एक चिठ्ठीत आला आणि दुसरा दाराशी राहिला.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. त्या १३ कोटी ६० लाखांपैकी बहुतेक माझ्या काउंटरपर्यंत आलेलेच नाहीत. ते तुमच्याकडे सर्दी-खोकल्याला येतात, रिपोर्टवर थोडी वाढलेली साखर बघून "बॉर्डरवर आहे, लक्ष ठेवा" एवढं ऐकून घरी जातात. चालण्याची चिठ्ठी सगळ्यात जास्त यांनाच हवी. यांच्या हातात तर गोळीचाही कागद नसतो.

घरी हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा विचारणा झाली, की स्वतःचा धंदा का बुडवताय. धंदा काही बुडत नाही. चालायला लागलेल्या माणसाची गोळी लगेच सुटत नाही आणि सुटूही नये. उलट तीच एक भीती मला आहे. आठ दिवस टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चढून आलं, हलकं वाटलं, की काहीजण बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करतात. नियमित चालण्यासारख्या व्यायामानं वाढलेलं बीपी वरच्या आकड्यात साधारण पाच ते आठनं उतरतं. हे मोठं यश आहे, पण १७० वाल्याला तेवढ्यानं गोळी सोडता येत नाही. चिठ्ठीत गोळी आणि चालणं एकाखाली एक लिहिलेलं असलं, की दोन्ही करायचंय हे आपोआप कळतं.

किती लिहायचं याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगून ठेवलंय. मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचा सरावही. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती, ती काढून टाकली. आमच्यासारख्या गावासाठी हे फार सोयीचं झालं. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत भाजीला पायी गेलं, परतताना वरच्या रस्त्यानं चढून आलं, तर तेही मोजायचं. आपल्याकडे दूध आणायलासुद्धा गाडीला किक मारली जाते, आणि तोच माणूस पहाटे चालण्यासाठी गाडीवर बसून कुरणेश्वरला जातो. त्याला हसू नका, पण त्याला कागदावर लिहून द्या, की संध्याकाळचा बाजार पायी.

दहा हजार पावलांचं खूळ मात्र तुम्हीच उतरवलं पाहिजे. हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या सुमारास, १९६० च्या दशकात, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावात तो होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. सत्तरीच्या आजीला घड्याळात दहा हजार दाखवून तिचा मुलगा रोज नाउमेद करत असेल, तर चिठ्ठीत साडेचार हजार लिहा. ती करेल.

वेळ कोणती? माझं मत ०-०-१. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो, म्हणून जेवल्यावर साखर चढत असताना पाय हलले तर चढण कमी होते. २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या दहा जणांवर एक छोटा अभ्यास झाला. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं आणि सकाळी एकदम ४५ मिनिटं चालणं यांची तुलना होती. दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम चांगला झाला, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवणानंतरच्या चालण्यानं जास्त काबूत राहिली. दहा माणसांवरून फार मोठं बोलू नये हे मान्य. पण आपल्याकडे शतपावली होतीच की. मिनिटाला साधारण शंभर पावलं हा मध्यम वेग धरतात, म्हणजे शतपावली मिनिटभरात संपते. तिची पंधरा आवर्तनं करा असं लिहिलं, तर सासूबाईंनाही ते परकं वाटणार नाही.

खंड किती चालेल हेही लिहाच. चालण्यानं इन्सुलिनला दाद देण्याची स्नायूंची तयारी वाढते, पण ती दोन-तीन दिवसांत ओसरते. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त सुट्टी नको. माझं एक गिऱ्हाईक दर आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालतं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पंढरपूर गाठतं आणि परतल्यावर साखर अशी येते की लॅबवाला पुन्हा तपासतो. मग गणपती येतात, मोदक येतात, आणि पाय थेट पुढच्या ज्येष्ठात हलतात. या माणसाला चालता येत नाही असं कोण म्हणेल? वर्षाचा डोस पंधरवड्यात घेता येत नाही एवढं कुणी त्याला लिहून दिलेलं नाही.

आता जरा औषधांचं, कारण इथे तुमचा आणि माझा दोघांचा संबंध येतो. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेला पेशंट पहाटे उपाशी चालायला गेला आणि यवतेश्वरच्या घाटात साखर फार उतरून घामाघूम होऊन बसला, तर दोष चालण्याचा नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा, ही अर्धी ओळ त्याला वाचवते. आपल्या सातारकराच्या खिशात कंदी पेढा निघेल, पण त्यात खवा असतो, तो साखरेइतक्या पटकन लागू पडत नाही, हेही सांगावं लागतं. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालायला निघालं तर ते लवकर शोषलं जातं, हे किती जणांना माहीत असतं? मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल ही बीपीची गोळी घेणाऱ्याची नाडी औषधच दाबून ठेवतं. त्यानं मुलानं भेट दिलेल्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा गाठायचा हट्ट धरला तर छाती फुटायची. त्याच्यासाठी बोलण्याची कसोटी बरी. चालताना दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये. चालताना छातीत दाटून येत असेल तर आधी तुमच्याकडे यायचं, चालणं नंतर. आणि मधुमेहानं तळपाय बधिर झालेल्यांना कुणीतरी ठासून सांगा, की गवतावर अनवाणी चालण्याचे व्हिडिओ त्यांच्यासाठी नाहीत. खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि मग मी ड्रेसिंगचं सामान देत बसतो.

गुडघ्यांचं तर विचारूच नका. "चालून चालून झिजतील" या समजुतीवर माझ्या दुकानातला वेदनाशामकांचा अर्धा खप चालतो. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक रोज खाऊन बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. सपाटीवर बेतानं चालणं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम यांनी गुडघेदुखी कमी होते, हेही तुम्हीच शिकलाय. म्हणून चिठ्ठीत जागाही लिहा. सातारा हे उताराचं गाव. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्याला येताना धडधाकट माणूससुद्धा श्वास लागला की उभा राहतो. दुखऱ्या गुडघ्याला किंवा नुकत्याच अँजिओप्लास्टी झालेल्याला आधी शाहू क्रीडा संकुलाची किंवा झेडपीच्या मैदानाची सपाटी. चढ नंतर. अजिंक्यतारा त्याहून नंतर, आणि उतरताना जपून, कारण गुडघ्यावर भार उतरतानाच येतो.

पावसाळ्याचं एक वाक्य वेगळं लागेल. जूनमध्ये छत्र्या निघाल्या, की चालणारे ऑक्टोबरपर्यंत गायब. अपार्टमेंटचा पॅसेज, पार्किंग, मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल, काही नाही तर घरातल्या घरात जागच्या जागी पावलं. दिसायला हास्यास्पद आहे, मी करतो.

आणि एक विनंती उलट दिशेची. सगळ्यांना लिहू नका. माण-खटावकडून आलेली एखादी बाई दिवसभर भांगलण करून, वैरणीचा भारा डोक्यावर आणून, रात्री भाकरी थापून तुमच्यासमोर बसते. तिचं हिमोग्लोबिन आठ असतं आणि तिलाही "रोज चाला" सांगितलं जातं. ती माझ्या काउंटरवर येऊन हसत सांगते, "डाक्टर म्हनत्यात चाला. आता काय रातचं चालू का?" हंगामात ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या बायकांचंही तेच. त्यांना चालण्याची नव्हे, लोहाच्या गोळीची, पोटभर जेवणाची आणि झोपेची चिठ्ठी हवी. शहरातल्या बायकांची गोष्ट निराळी. "घरात दिवसभर राबतेच की मी" हे खरं असतं, पण ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२२ मध्ये आपल्या देशात जवळपास निम्म्या मोठ्या माणसांची हालचाल अपुरी होती, पुरुषांमध्ये ४२ टक्के, बायकांमध्ये ५७. हा फरक आळसाचा नाही. तिला संध्याकाळचा अर्धा तास घरात कोणी देत नाही. नवऱ्यासमोर तुम्ही "साडेसात ते आठ, बाहेर चालणं, आठवड्यातून पाच दिवस" असं लिहून सही केलीत, तर तो अर्धा तास डॉक्टरांचा होतो आणि त्याला घरात कोणी हात लावत नाही. तुमच्या सहीत ही ताकद आहे. माझ्या सांगण्यात नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण स्वतः पळता. २०१२ पासून आपल्याकडे हिल मॅरेथॉन होते. पहाटे यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटरची तयारी करणारे डॉक्टर मी पाहिलेत. त्यांना आठवड्याचं वेळापत्रक असतं. कोणत्या दिवशी किती अंतर, कोणत्या दिवशी आराम, सगळं कागदावर. मग पेशंटलाच का मोघम?

ओपीडीत साठ पेशंट बसलेले असतात, वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एकेकाला दोन मिनिटं मिळतात, त्यात तपासायचं, लिहायचं, घरच्यांना समजवायचं. म्हणून मी स्वखर्चानं छोटी पॅडं छापून घेतली आहेत. मराठीत, मोठ्या अक्षरात, रिकाम्या जागा ठेवून: रोज ... मिनिटं, ... नंतर, वेग हळू किंवा मध्यम, जागा सपाट किंवा चढाची, आठवड्यातून ... दिवस, सोबत काय ठेवायचं, कधी थांबायचं. भरायला अर्धं मिनिटही लागत नाही. दुकानाचं नाव त्यावर कुठेही नाही, जाहिरात नको म्हणून मुद्दाम. तुमच्याकडचा मुलगा माझ्याकडे औषधं न्यायला येतोच, त्याच्याबरोबर पाठवीन. मजकुरात चुकीचं वाटलं तर खोडून परत पाठवा, पुढच्या छपाईत दुरुस्त करतो.

माझ्याकडून एक काम मी घेतो. महिन्याची औषधं न्यायला पेशंट आला, की तुमच्या कागदावर जे असेल ते मी विचारीन: पंधरा मिनिटं लिहिलंय, किती झालं? झालं नसेल तर का नाही, ते मागच्या बाजूला पेन्सिलीनं टिपून ठेवीन. कुत्री मागे लागतात, बूट चावतात, संध्याकाळी रस्त्यावर दिवे नसतात, सून कामावरून उशिरा येते, अशी कारणं निघतात. ती तुमच्यापर्यंत पोचली तर पुढचा डोस बदलता येईल. पण सुरुवात तुमच्याकडून हवी. औषध देणाऱ्यानं स्वतःच्या मनानं काही लिहून द्यायचं नसतं, हा नियम मी गोळ्यांना पाळतो, चालण्यालाही पाळीन.

पॅड वापरायचं नसेल तर नेहमीच्या चिठ्ठीवर लिहा, चालेल. फक्त ते गोळ्यांच्या वर लिहा. खाली लिहिलं, तर बिल जोडताना आमच्या मुलांची टाचणी नेमकी त्याच ओळीवर बसते.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता,
सातारा